ओ

“अक्का, पीठ एवढं गरम कसं?”

ऋजुतानं दचकून हात मागे घेतला. जात्याचं पीठ कोमट असतं. हे चटका देत होतं.

अक्कांनी खुंटा सोडला नाही. “तुझं विवर कसं तापतं गं?”

टेकडीवरच्या मठातल्या या म्हाताऱ्या संन्यासिनी आज दिवस मावळताना मागच्या गुहेत जाणार होत्या. कायमच्या. गेलं ते माणूस परत यायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून ऋजुता सकाळीच धापा टाकत वर आली होती. महाकाय कृष्णविवरांच्या अभ्यासानं तिची झोप उडाली होती. तो धरू की सोडू, एवढंच विचारायचं होतं.

“विवर नाही तापत,” ती ऐटीत म्हणाली. “वायू तापतो. तो सरळ आत पडतच नाही, अक्का. भोवती तबकडीसारखा फिरतो. आतलं कडं जोरात, बाहेरचं सावकाश. घासतात, तापतात. त्या तबकडीच्याही वर आणखी धगधगता वायू... आम्हाला दिसतात ते क्ष-किरण तिथले.”

“आतले नव्हेत?”

“छे! आतून काही येत नाही.”

“शहाणी आहेस.”

“चेष्टा नका करू. सांगा ना. धरू की...”

तिनं मान वर केली.

जातं फिरत होतं. खुंट्यावर हात नव्हता.

“अक्का?”

जात्यापलीकडे गुहेचं तोंड काळं. ऊन उंबऱ्यापाशीच संपलेलं.

गेल्या? एवढ्यात? अजून तर ऊन होतं... आणि उत्तर?

“अक्काऽ!”

याच गुहेत सकाळी तिच्या खोकल्याचासुद्धा प्रतिध्वनी घुमला होता. आता काहीच परतलं नाही. हाक जणू कोणी ओंजळीत झेलून ठेवली.

जातं थांबलं.

ऋजुतानं एक पाऊल अंधारात टाकलं. घोट्यापासून पुढचा पाय दिसेना.

“अक्का, ओ द्या ना हो...”

पाठीमागून खांद्यावर हात पडला. पिठानं माखलेला. निखाऱ्यासारखा.

“आत कशाला हाका मारतेस, पोरी? ओ काठावरनंच येते.”