खोताचं खाचर

मंडळी, काठाकाठाने या. पाण्यात कोणी पाय घालायचा नाही. पाण्याखाली ही खडी आणि गोटे पसरलेत ना, त्याला आम्ही खोताचं खाचर म्हणतो. भात कुठे दिसत नाही म्हणून हसू नका. दरवर्षी कोणीतरी हसतंच.

वरचा दगडी बांध राघो खोताने घातला, असे सांगतात. त्याआधी हा ओढा पावसात पिसाळायचा आणि माघात घोटाभर उरायचा. खोताने त्याला वेसण घातली, बांधाखाली स्वतःचं भाताचं खाचर काढलं. गाव खूश झालं. पण पाण्याची धाव थांबली तशी मासे अंडी घालायचे ती वरची खडी गाळाने बुजली, खालच्या डोहात शेवाळ माजलं, आणि मासे दिसेनासे झाले. देवीचा कोप म्हणून खोताने बोकड कबूल केला. देवी काय करणार? बांध तिने थोडाच घातला होता!

त्या श्रावणात खोताची लेक भागीरथी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. बांधापाशी ती थबकली. उरलेसुरले मासे, गाबोळीने पोटं फुगलेले, अंडी घालायला वर निघाले होते आणि दगडांवर डोकी आपटत होते. ती तिथेच ओल्या दगडावर बसली. खोत धावत आला, तेव्हा म्हणे ती बोलली, "आबा, ह्यांचं म्हायेर तुमी बंद केलंत. मग मी तरी कशी येऊ? बांध फोडा, नायतर माझं बाळतपण हितंच."

बांध फोडला तर लोंढा खोताच्याच नुकतीच लावणी झालेल्या खाचरात जाणार होता. खोताने लेकीकडे पाहिलं, पहार मागवली आणि मधला दगड स्वतः उपटला. लावणी, माती, कडेची मेर, सगळं वाहून गेलं. राहिली ती खडी. मासे मात्र बांधाला पडलेल्या खिंडीतून वर चढले, आणि भागीरथीला घरी सुखरूप मुलगी झाली.

आजही ती खिंड पावसाळाभर मोकळी असते. हिवाळ्यात फळ्या लावून पाणी अडवतो. मिरगाआधी पहिली फळी काढायचा मान बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणीचा. यंदा ती माझ्या लेकीने, सुलभाने काढली. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

आणि हे खाचर? दर पावसात लोंढा खडी धुऊन लख्ख करतो, म्हणून मासे आता इथेही अंडी घालतात. जरा वाका. गोट्यांच्या फटीत हलतंय ना, ती पिल्लं. म्हणून म्हटलं, काठाने या. खोताच्या पिकात पाय घालू नका.