वाळूखालचं पाणी

आफ्रिकेतल्या रखरखीत सखल मुलखात एक नदी होती. वर्षातले थोडे दिवस ती दुथडी भरून वाहायची आणि मग वाळूखाली निघून जायची. वरून पाहणाऱ्याला नुसतं कोरडं पात्र दिसे. काठची माणसं मात्र त्या वाळूत झिरे खणायची आणि त्या पाण्यावर वर्ष काढायची.

तिथे अकाई नावाची एक शेळ्या पाळणारी बाई राहायची. एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. एकेक करत झिरे आटले. अकाईने हात सोलवटेपर्यंत खणलं, तेव्हा कुठे तिच्या झिऱ्याला पाणी लागलं.

एके सकाळी पलीकडची टोळी उंट घेऊन आली. तिच्याशी गावाचं जुनं वैर होतं. पण टोळीतल्या लेकरांचे ओठ फुटले होते. उंटांना धड उभंही राहवत नव्हतं.

गावातला म्हातारा लोकवांग म्हणाला, "पोरी, झिऱ्याला काटेरी कुंपण घाल. यांना पाजलंस तर तुझ्या शेळ्या मरतील."

अकाई घुटमळली. शेळ्यांखेरीज तिला दुसरं काही नव्हतं. मग ती म्हणाली, "बाबा, मी फक्त वाळू उकरली. पाणी नदीचं आहे."

ती झिऱ्यात उतरली आणि भांडी भरभरून वर देऊ लागली. आधी लेकरं प्याली, मग मोठी माणसं, मग उंट. दुपारपर्यंत तळ उघडा पडला. अकाईच्या शेळ्या तहानलेल्याच ओरडत होत्या.

टोळीचा नायक पुढे आला. "ताई, तू वर ये. आता आम्ही खणतो."

सगळी टोळी खणायला लागली. झिरा खोल गेला, रुंद झाला आणि संध्याकाळी इतकं पाणी आलं की शेळ्याही प्याल्या आणि गावही प्यालं. काही दिवसांनी टोळी डोंगरांकडे निघून गेली.

पुढे एका दुपारी सारं गाव पात्रात पाणी भरत होतं. आभाळ स्वच्छ होतं. तेवढ्यात वरच्या अंगाने तोच नायक उंट पळवत आला.

"काठावर चढा! डोंगरात पाऊस झालाय, नदी निघालीय!"

माणसं लेकरं उचलून, शेळ्या हाकत काठावर चढली. शेवटची शेळी वर आली न आली तोच गढूळ लोंढा झाडं उपटत गर्जत आला. सगळं पात्र भरून गेलं.

 लोकवांग घरात गेला आणि दुधाचं भांडं आणून त्याने स्वतःच्या हाताने नायकाच्या ओठाला लावलं.

तात्पर्य एवढंच: आपल्यालाच कमी असताना जो दुसऱ्याची तहान भागवतो, तो वैऱ्यांतूनही आपली माणसं मिळवतो.