तीन ठिपके

"मग ठिपके कुठं मारू?" दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

सुबरावानं लाल मोटारीच्या नाकावरून कौतुकानं तळवा फिरवला. "कुठं बी मारा वस्ताद. तुमच्या हातचे पडले म्हंजे झालं."

वस्ताद ठिपके ठोकायचा लोखंडी पंच धरून मोटारीभोवती पाय ओढत फिरू लागले. वय ऐंशीच्या पुढं. पण बोटं अजून पत्र्याची नस ओळखायची.

कोल्हापुरात एके काळी वस्तादांची शेड होती. गाड्यांची बॉडी बांधायची. तयार झालेल्या प्रत्येक गाडीला ते पंचानं तीन ठिपके मारत, तेही पत्र्याच्या आतल्या अंगाला. मालकाला ते जन्मात दिसायचे नाहीत. पण वीस वर्षांनी कुणी मिस्त्री ती गाडी उघडायचा, ठिपके बघायचा आणि निर्धास्त व्हायचा. "दस्तगीरचं काम हाय. आत हात जाणार, पाना फिरणार."

त्याच शेडमध्ये शिकताना सुबरावानं बांधलेल्या पहिल्या जीपला मात्र ते पडले नाहीत. वस्तादांनी आत हात घातला, "अडकतोय" एवढंच म्हणाले आणि पंच खिशात टाकला. सुबराव तणतणत पुण्याला गेला तो गेलाच. कंपनीत साहेब झाला. पण तीस वर्षं ते न पडलेले ठिपके त्याला सलत राहिले.

निवृत्त झाल्यावर त्यानं सुटे भाग पेट्या भरभरून मागवले आणि दोन सीटची मोटार घरीच जोडली. इंजिन मागं. पुढचा पत्रा स्वतः ठोकलेला, नाकापासून काचेपर्यंत एकसंध. सांधा शोधून सापडायचा नाही. तीच मोटार आज वस्तादांच्या दारात, शेवग्याखाली उभी होती.

शेड केव्हाच गेली होती. तिथं आता मंगल कार्यालय झालंय. पण वस्तादांच्या अंगाला अजून तोच रॉकेलचा वास येत होता, आणि त्या वासानं सुबरावाला सगळं आठवत होतं. स्टोव्हवरचा गुळाचा चहा, तापलेला पत्रा, काम जमलं की वस्तादांनी घातलेली शीळ... आज ती शीळ ऐकल्याशिवाय तो हलणार नव्हता.

वस्ताद थांबले. "भायेर रंग मालकाचा. ठिपका आत. आत जायला वाट कुठाय?"

"आत काय बघायचंय वस्ताद? सगळं नवंकोरं हाय."

"ब्रेकच्या तेलाची डबी?"

सुबरावानं पत्र्यावर टिचकी मारली. "हिच्या खाली."

"बघायची झाली तर?"

"पत्रा काढायचा. अठ्ठावीस रिवेटा हायत फक्त."

"कोण काढणार?"

"मीच की! दुसऱ्या कुणाला हात लावू देतोय व्हय?"

"आन् तू नसलास तर...?"

शेवग्याची पिवळी पानं लाल रंगावर पडत होती. ती झटकायचंही सुबरावाला सुचलं नाही.

वस्तादांनी बाही वर सरकवली. सांधे सुजलेली, वाकडी झालेली बोटं मिटून त्यांनी मूठ त्या आरशासारख्या पत्र्यावर ठेवली.

"हे माप घे."

"वस्ताद... चार महिने घासलाय तो."

वस्तादांनी मूठ उचलली नाही.

शेवटी सुबरावानं खडू घेतला आणि मुठीभोवती ऐसपैस रेघ ओढली. वस्तादांच्या बाजेखाली अवजारांची जुनी पेटी होती. त्यानं छिन्नी काढली. पहिला घाव घालताना त्याचे डोळे भरले. पत्रा किंचाळला. मग कात्री चालू लागली, आणि लाल तुकडा सुटून त्याच्या हातात आला.

कडा घासून झाल्यावर वस्तादांनी आत हात घातला. मनगट गेलं, कोपरापर्यंत हात गेला. ते डोळे मिटून चाचपत राहिले. डबीचं झाकण सापडलं, ते त्यांनी फिरवलं, परत बसवलं. हात कुठं अडकला नाही.

आणि त्यांनी शीळ घातली. दात नव्हते, नुसता वाराच बाहेर पडला. सुबरावानं तोंड फिरवून डोळे पुसले.

वस्तादांनी हात काढला, धोतराला पुसला आणि पंच पेटीत टाकून पेटी बंद केली.

"वस्ताद..." सुबराव पेटीकडं बघत म्हणाला. "ठिपके राहिले की."

वस्तादांनी त्या भोकाकडं बोट केलं.

"एवढा मोठा मारलायस, आन् आता बारके कशाला?"