पंचावन्न किलोमीटरमध्ये एक मिनिट

“चूक आहे तरी कुठे, तात्या?”

सोनू पाष्टे तात्या पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चूक आहे असं मी कधी म्हटलं?”

“मग हो तरी म्हणा.”

तात्यांनी पुढचा रातांबा उचलला.

अभिराम देवस्थळीच्या तात्यांचं हे टाळणं आता डोक्यात जायला लागलं होतं. पंचावन्न किलोमीटरची गॅसची पाइपलाइन, आणि उद्या सकाळी तिच्या पोटातून तपासणीचं यंत्र जायचं होतं. गॅसच्या रेट्याने आतून सरकत जायचं आणि नळाची भिंत कुठे झिजली, कुठे गंजली, ते जाताजाता टिपायचं, हे त्या यंत्राचं काम. असं नळातून जाणारं काहीही असो, लाइनीवरची माणसं त्याला पिग म्हणतात. पिग आत कसा चालेल, किती वेगाने, किती वाजता कुठे असेल, याचं गणित अभिरामने मांडलं होतं. त्यासाठी तो दोन वर्षं खपला होता आणि ही गोष्ट कुणाला विसरू देत नसे.

तात्यांनी तीस वर्षं पिग सोडले आणि उतरवून घेतले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बोलावलं की ते लाइनीवर येत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय स्टेशनचा मॅनेजर पिग सोडत नसे. कागदावर असा नियम कुठेच नव्हता. अभिराम शिकाऊ इंजिनिअर होता तेव्हा त्यांच्याच हाताखाली होता, म्हणून त्याला हे जरा जास्तच लागलं होतं.

“परवा आपण साधा रबराचा पिग सोडून बघितला,” तो म्हणाला. “माझ्या गणिताने सात तास अडतीस मिनिटं लागणार होती. किती लागली?”

“सात तास एकोणचाळीस.”

“पंचावन्न किलोमीटरमध्ये एक मिनिट.”

“छान आलं,” तात्या म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “वाटेत त्याला कोण भेटलं?”

अभिरामला हसू आलं. जुनी रीत अशी होती, की पिग निघाला की दर पाच किलोमीटरला, लाइनीच्या खुणेच्या दगडापाशी एकेक माणूस बसायचा. जमिनीला कान लावून आतली घरघर ऐकायची आणि वेळ वहीत लिहायची. परवा अभिरामनेच माणसं बसवू दिली नाहीत. मे महिन्याच्या उन्हात त्यांना भाजायचं कशाला, गणित आहे ना, असं त्याचं म्हणणं. त्यात दयाही होती आणि ताठाही. कुठली किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“कुणी नाही. गरजच नव्हती. वेग सगळीकडे सारखा आहे, सेकंदाला दोन मीटर.”

“सांबरवाडीलासुद्धा?”

“सांबरवाडीलासुद्धा.”

सांबरवाडीत लाइन शाळेच्या कुंपणाला लागून जाते. नळ वीस वर्षांचा झाला आहे. यंत्र तिथून संथ गेलं तर त्याला भिंत दिसते. सुसाट गेलं तर काही दिसत नाही, आणि पुन्हा यंत्र यायला पाच वर्षं लागतात.

तात्या उठले. आतून एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यात वरवंटा ठेवला आणि कडीला सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी बांधली.

“ओढ. पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका चालीने.”

“तात्या, हे सगळं मला पाठ आहे...”

“ओढ की.”

अभिराम पट्टी धरून निघाला. पेटी जागची हलेना. पट्टी ताणत गेली, तो चालत राहिला. मग पेटी एकदम सुटली आणि तीन फरशा ओलांडून थांबली. पुन्हा पट्टी ताणली, पुन्हा उडी... तो टोकाला पोचला आणि पाठोपाठ पेटी येऊन त्याच्या टाचेवर आदळली.

“पोचली वेळेवर?”

“पोचली.”

“मधली फुटकी फरशी तिने कशी ओलांडली?”

अभिराम टाच चोळत होता. “मी पुढे बघत होतो.”

तात्या पुन्हा रातांब्यांकडे वळले.

अभिराम पायरीवर बसला. पिग अडला की मागचा गॅस दबत जातो आणि मग त्याला भिरकावून देतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण नळ आतून सगळीकडे सारखाच खरखरीत आहे असं धरून त्याने घर्षणाचा एकच आकडा सगळ्या लाइनीला दिला होता. गेल्या वर्षी सफाईचा पिग गेला होता, त्याची पोचण्याची वेळ जुळेपर्यंत तो आकडा अकरा वेळा बदलला होता.

मग तो म्हणाला, “गेल्या वर्षीच्या वहीत मधल्या वेळा होत्या. काही जुळल्या, काही जुळेनात. सांबरवाडीची तर चाळीस मिनिटांनी चुकत होती.”

“हं.”

“मला वाटलं, तिथल्या माणसाचं घड्याळ बिघडलं असेल. जुळल्या तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या काढून टाकल्या.”

“हं.”

“तिथे कोण बसलं होतं, तात्या?”

“मी.”

अभिरामला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. उद्या यंत्र कुठेतरी अडून मग सुसाट सुटलं असतं, शाळेपाशी आंधळं होऊन गेलं असतं, आणि इकडे तो घड्याळ बघून खूश झाला असता.

त्याने मॅनेजरला फोन लावला. उद्या यंत्र नको, पुन्हा साधा पिग सोडू. आणि प्रत्येक दगडापाशी माणूस हवा, छत्री आणि पाणी देऊन. मॅनेजर बरंच काही बोलला. अभिरामने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, “माझं गणित अजून झालेलं नाही, साहेब.”

तात्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“एका दगडापाशी मी बसतो,” अभिराम त्यांना म्हणाला. “सांबरवाडीला बसू?”

“तिथे मी आहे.”

“मग मी कुठे...?”

तात्यांनी हातातला रातांबा फोडला, बिया वेगळ्या केल्या, साल सुपात टाकली.

“जिथली वेळ जुळली होती, तिथे. तिथून तो कसा गेला, ते ऐक.”