हिरूचं हिरवं पान

झेरॉक्सच्या दुकानापुढे एक डबा. डब्यात एक रोप. रोपाला एकच पान. पानावर हिरू नाकतोडा.

हिरू हिरवा. पान हिरवं. कावळ्याला हिरू दिसायचा नाही.

एकदा बकरी आली. चर्र चर्र. पान खाल्लं. इवलासा तुकडा उरला.

तारेवर कावळा आला. "काव! दिसलास बरं का!"

हिरू पळाला. टुणुक टुणुक. तुकडा घेऊन दुकानात शिरला.

दुकानात नवा प्रिंटर. रंगीत. स्वस्तातला. पोटाच्या दारावर झेंडूचा हार.

"तू काय करतोस?" हिरूनं विचारलं.

"बघतो, उतरवतो, छापतो. ठेव तुकडा काचेवर."

उजेड सरकला. सर्रर्र! कागद आला. गरम गरम. पान मोठं आलं. पण निळं!

"काव काव!" कावळा हसला.

"हिरव्या रंगाची डबी माझ्यात नसतेच," प्रिंटर म्हणाला. "निळी आणि पिवळी मिळून हिरवं होतं. पिवळी झोपलीय. ती उठेल, तर छापीन."

हिरू गेला टुणुक टुणुक. फटीतून प्रिंटरच्या पोटात.

"पिवळे, पिवळे, ऊठ ना!"

"का रे?"

"पान गेलं, कावळा टपला,
प्रिंटर छापेना!"

"मी नाही उठत. काकू हलवेल, तर उठेन."

हिरू गेला टुणुक टुणुक. दुकानवाल्या वेणूकाकूकडे.

"काकू, काकू, पिवळीला हलवा ना!"

"का रे?"

"पान गेलं, कावळा टपला,
प्रिंटर छापेना,
पिवळी उठेना!"

"मी नाही हलवत. प्रिंटरच्या दारावर पूजेचा हार आहे. तो उतरेल, तर हलवीन. आणि ऐक. यानं हिरवं धड छापलं नाही, तर याला परत पाठवीन."

प्रिंटरचा दिवा घाबरला. लुकलुक, लुकलुक.

हिरू गेला टुणुक टुणुक. हाराकडे.

"हारा, हारा, उतर ना!"

"का रे?"

"पान गेलं, कावळा टपला,
प्रिंटर छापेना,
पिवळी उठेना,
काकू हलवेना!"

"मी नाही उतरत. पूजेची फुलं केरात जात नाहीत. बकरी खाईल, तर उतरेन."

हिरू गेला टुणुक टुणुक. बकरीकडे.

"बकरे, बकरे, हार खा ना!"

"का रे?"

"पान गेलं, कावळा टपला,
प्रिंटर छापेना,
पिवळी उठेना,
काकू हलवेना,
हार उतरेना!"

"मी नाही खात. पोट भरलंय."

"कशानं भरलं?"

"पानानं."

"कुणाच्या?"

बकरीनं मान खाली घातली. "तुझ्या."

"मग चल!"

बकरी आली. हार उतरला. बकरीनं खाल्ला, चर्र चर्र. काकूनं दार उघडलं. पिवळीला हलवलं, खुळुखुळु. पिवळी उठली. निळीला भेटली. प्रिंटरनं छापलं, सर्रर्र!

पान आलं. हिरवं!

काकूनं त्यावर पाणी शिंपडलं. टप टप. बोट फिरवलं. रंग पुसला नाही.

"स्वस्त आहे, पण बरा आहे," काकू म्हणाली. "राहू दे इथेच."

काकूनं पान कापलं. कच कच. काडीला चिकटवलं. काडी डब्यात खोचली. हिरू पानावर बसला.

बकरीनं पान हुंगलं. "शी! कागद!"

कावळा आला. इकडे बघितलं. तिकडे बघितलं.

"काव? हिरू कुठाय?"

हिरू गप्प. पान गप्प. तूही गप्प.

कावळा उडाला, भुर्रर्र.

आता हस!