चौकोनातला डोंगर

“...पण जाणूनबुजून केली नसेल, तर त्या चुकीला पाप म्हणायचं का, बुवा?”

अच्युतबुवा काही बोलणार, तोच त्यांना खोकल्याची उबळ आली. मुकुल तेंडोलकर मान खाली घालून बसला.

कोकणातल्या या दरीत बुवांचा मठ होता आणि खालच्या उतारावर दमेकऱ्यांचं आरोग्यधाम. हवेच्या प्रदूषणाचं गणित संगणकावर मांडण्यात मुकुलचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘इथल्यासारखी शुद्ध हवा कुठे मिळायची नाही,’ असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. शिष्याच्या त्या शब्दावर बुवांनी किनाऱ्यावरचा मठ आणि आरोग्यधाम, सगळं इथे हलवलं.

उबळ थांबली.

“चुकलं काय?”

“नकाशावर मी मोठाले चौकोन पाडले. माथा आणि दरी एकाच चौकोनात आली. गणितात डोंगर सपाट झाला... खरा डोंगर जागेवरच आहे. दुपारी खारा वारा किनाऱ्यावरच्या कारखान्यांचा धूर इकडे ढकलतो. वाटेत उन्हाने त्याचा ओझोन होतो. डोंगर अडवतो, आणि तो वायू इथेच कोंडतो. छाती जाळतो.”

“कधी कळलं?”

मुकुल सतरंजीचा सुटलेला दोरा ओढू लागला.

“कधी?”

“गेल्या उन्हाळ्यात.”

ओसरीवर नुकत्याच सरलेल्या दिवाळीचे आकाशकंदील उतरवून ठेवले होते. मुकुलची नजर तिथे गेली आणि त्याने ती चटकन वळवली.

“नाव जाईल, अशी भीती वाटली,” तो पुटपुटला. “आता राहवेना. गाडी आणलीय. तुम्ही आजच इथून चला.”

“मी?”

“हो. तुमच्यापुरती खोली बघून ठेवलीय.”

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले. नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मुकुलला वाटलं.

मग भिंतीला धरून बुवा उठले. ओसरीवर गेले आणि जेवणाची घंटा वाजवू लागले. जेवणं तर केव्हाच उरकली होती.

खाली एकेक दार उघडलं. माणसं चढण चढू लागली. कोणी काठी टेकत, कोणी दुसऱ्याच्या खांद्याला धरून. एका बाईंनी मुकुलला ओळखलं आणि दुरूनच हात जोडले.

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“बुवा, मी तुमची क्षमा मागायला आलो होतो...”

बुवांनी चढणीवरच्या माणसांकडे बोट दाखवलं.

“सांगतो. आत्ताच सांगून टाकतो.” तो घाईघाईने पुढे झाला.

बुवांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

“थांब. मागचे अजून दम खात येताहेत.”