बाभळीवरची फांदी

त्या राज्यात सुगरण पक्षी राहत, आणि ज्याला घरटं विणता येई त्यालाच मोठं समजलं जाई. दरवर्षी गवत उंच झालं की नदीवर झुकलेल्या बाभळीवर थोर मंडळी येऊन बसत आणि तरुणांनी त्यांच्यासमोर विणून दाखवायचं असे. ज्याचं घरटं टिके त्याला बाभळीवर फांदी मिळे. बाकीचे आणखी वर्षभर बोरीच्या झुडपात पिल्लांबरोबर झोपत.

केसऱ्या एकटा असला की सुरेख विणे. पण गेल्या वर्षी थोरांच्या नजरा पडताच त्याची चोच थरथरू लागली, गवताची पात गळून पडली, आणि तो तसाच उडून गेला. यंदा त्याने ठरवलं, इतका सराव करायचा की थरथर येणारच नाही. दाणे टिपायलाही तो थांबेना. चोच सोलवटली आणि गाठी पूर्वीपेक्षा ढिल्या पडू लागल्या.

शेजारच्या चंदेरीमावशीला ते बघवेना.

"आधी खाऊन घे," ती म्हणाली.

"वेळ नाही, मावशी."

"उपाशीपोटी मारलेली गाठ कशी होते, बघ." तिने पात नुसती ओढली आणि सगळं विणकाम उसवलं.

केसऱ्या दाणे टिपायला गेला.

दुसऱ्या दिवशी मावशीने सातभाईंना बोलावलं. हे मातकट, बडबडे पक्षी केसऱ्यासमोर दाटीवाटीने बसले आणि टक लावून पाहू लागले.

"हा उलटं विणतोय का रे?"

"तो सरळच विणतोय. तू उलटा लटकलायस."

केसऱ्याला हसू फुटलं, चोचीतली पात पडली. तो दुसरी घेऊन आला. सातभाई रोज येत राहिले, आणि त्यांच्या गलक्यातही त्याचं काम पुढे सरकू लागलं. थरथर मात्र गेली नाही.

"ती जातच नाही, मावशी."

"मग असू दे. माझीही अजून गेलेली नाही. ती आली की फक्त पहिली गाठ मार. अख्खं घरटं तेव्हा डोक्यात आणू नकोस."

तो दिवस उजाडला. थोर मंडळी बसली. केसऱ्याची चोच थरथरली आणि पहिली पात नदीत वाहून गेली. झुडपातली पिल्लं माना उंचावून बघत होती. केसऱ्या उडाला, सगळ्यांना वाटलं, गेला. तो नवी पात घेऊन परतला. त्याने एक गाठ मारली. मग तिच्या शेजारी दुसरी. ऊन कलेपर्यंत घरटं लटकू लागलं होतं, एका बाजूला जरासं फुगलेलं.

सर्वांत थोर सुगरणीने आत डोकावून पाहिलं, पायांनी हिसके दिले आणि म्हणाली, "फांदी तुझी."

संध्याकाळी वारा सुटला. बाभळीवरची सगळी घरटी हेलकावे खाऊ लागली, थोरांची जुनी आणि केसऱ्याचं नवं. खाली नदी वाहत होती. प्रत्येक घरटं थरथरत होतं, आणि एकही सुटलं नाही.